तीनशेचा तोरा

७०-३०० मिमीची स्वस्त टेलिफोटो झूम विकत घेतली की माणूस रातोरात वन्यजीव छायाचित्रकार होतो. खाकी टोपी तेवढी वेगळी घ्यावी लागते. लेन्सचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे मान शाबूत राहते आणि घरात किंमत खरी सांगता येते. हे दोन्ही गुण महागड्या लेन्समध्ये नाहीत. एपीएस-सी सेन्सरवर तिचे ३०० मिमी साधारण ४५० सारखे वागतात. भिगवणच्या पाण्यात, लख्ख उन्हात उभा असलेला रोहित पक्षी झकास टिपता येतो.

पण वाघाला उन्हाची हौस नसते. तो ताडोब्यात झुंजूमुंजू होताना निघतो, आणि तेव्हा ही बया ३०० वर एफ/५.६ पलीकडे उघडायला तयार नसते. शेजारच्या जिप्सीतला एफ/२.८ वाला चौपट उजेड घेऊन बसलेला. आपण आयएसओ वाढवतो. वाघाच्या अंगावर पट्ट्यांइतकेच रवेही उमटतात. स्टॅबिलायझेशन असलंच, तर ते आपल्या हाताची थरथर सावरतं, वाघाचं चालणं नाही. ऑटोफोकस घुर्रघुर्र करत येरझाऱ्या घालतो आणि अखेर बांबूवर स्थिरावतो. बांबू मात्र सुरेख येतो. ३०० वर चित्र मऊ पडतं, म्हणून जाणकार एफ/८ सुचवतात, म्हणजे होता तो उजेडही निम्मा. फांद्यांच्या कडांना जांभळी झालर फुकट.

तरीही घ्यावी. २०० मिमीपर्यंत ती इमानानं काम करते. शाळेच्या मैदानावर धावणारी भाची उन्हात छान येते. भाचीला पट्टे नाहीत, हा काही लेन्सचा दोष नव्हे.