झोपेत दात खाणे व घोरणे : लक्षणे, साक्षीदार आणि उपाय

झोपेत दात खाण्याच्या सवयीला वैद्यक ब्रक्सिझम म्हणते. घरातले निदान वेगळे असते : पोटात जंत झालेत. रुग्ण पाच वर्षांचा असेल तर त्याला जंताचे औषध पाजतात. तो पन्नाशीचा असेल तर त्याला कोणी काही पाजत नाही, त्याचे तोच पितो. आणि कॉफी व मद्य या दोहोंनी हा विकार बळावतो. मानसिक ताण, सिगारेट व काही औषधे हीही कारणे आहेत. जागेपणी माणूस पोळी चावण्यापुरताच जोर लावतो. झोपेत जबड्याला असा काही हिशेब राहत नाही. दातांवरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण एकदा झिजला की तो पुन्हा येत नाही. सुळ्यांची टोके सपाट होतात, थंड पाण्याने कळ येते, सकाळी जबडा अवघडतो, कानशिले ठणकतात. रुग्ण या खुणांचा अर्थ आपापल्या परीने लावतो. प्रस्तुत लेखक आपल्या सपाट सुळ्यांकडे आरशात पाहून, दातांची ओळ काय एकसारखी आहे, असे समाधान मानत असे.

यावर दंतवैद्य नाइट गार्ड देतात. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचा लगदा तोंडात दाबून दातांचे माप घेतात आणि त्यावरून कडक अ‍ॅक्रिलिकचे आवरण घडवतात. त्याने दात खाणे थांबेलच असे नाही. खायला दातांऐवजी अ‍ॅक्रिलिक मिळते, इतकेच. मात्र माप घेण्यापूर्वी जाणता दंतवैद्य एक प्रश्न विचारतो : घोरता का? कारण दात खाणे आणि झोपेत श्वास अडणे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, पुष्कळदा एकाच माणसात सापडतात आणि साधे नाइट गार्ड काहींचा अ‍ॅप्निया वाढवू शकते.

घोरता का, याला घोरणाऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेच असते. म्हणून त्याच्यापुढे एपवर्थ प्रश्नावली ठेवतात. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये प्रसिद्ध केली. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याच्या शक्यतेला 0 ते 3 गुण, एकूण 24. 10 च्या वर गेल्यास काळजीचे कारण. मेलबर्नसाठी ती ठीकच आहे. पुण्यात तिचा निभाव लागणे अवघड. ‘दुपारी संधी मिळाल्यास आडवे होणे’ हा एक प्रसंग. ज्या शहरात एक ते चार संधी स्वतःहून दार लावून घेते, तिथे यात 3 पेक्षा कमी गुण मिळवणारा माणूस बाहेरगावचा समजावा. ‘सभागृहात स्वस्थ बसणे’ हा दुसरा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून या शहराला त्याचा दांडगा सराव आहे; इथे डोळे मिटणे हे चिंतन आणि मान हलणे ही दाद. ‘जेवणानंतर, मद्य घेतलेले नसताना, शांत बसणे’ हा तिसरा. मद्याची अट आहे. श्रीखंडाबद्दल प्रश्नावली अवाक्षर काढत नाही. एका बाबतीत मात्र परंपरा शास्त्राच्या पुढे आहे. उताणे झोपल्यावर जीभ व टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासमार्ग अरुंद होतो, कुशीवर तो त्रास अनेकांना कमी होतो. आणि वामकुक्षी डाव्या कुशीवरच घ्यायची असते. लेखकास 17 गुण मिळाले. गुणपत्रिकेत इतके यश त्याला शाळेतही क्वचितच लाभले होते.

पाठ टेकताच झोप लागणे हे लेखक निर्मळ मनाचे लक्षण मानी आणि तसे चारचौघांत सांगे. ते रात्रीची झोप पुरी न झाल्याचेही लक्षण असू शकते. शर्टाच्या कॉलरचे 17 इंची माप तो पैलवानी बांध्याच्या खात्यात मांडी; पुरुषाची मान त्याहून जाड असल्यास अ‍ॅप्नियाचा संभव वाढतो.

या विकारातला मुख्य साक्षीदार रुग्ण नव्हे, शेजारी झोपणारी व्यक्ती. श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो खंड धरला जातो. दहा सेकंद हा आकडा पुस्तकात किरकोळ दिसतो. अंधारात शेजारचे घोरणे एकाएकी बंद पडले, की ऐकणारीला तो तसा वाटत नाही. घोरण्याची तिला सवय झालेली असते. ते थांबले की ती उठून बसते, छातीवर हात ठेवून वाट पाहते आणि शेवटी कोपराने ढोसते. सकाळी रुग्ण ताजातवाना असल्याचा दावा करून, रात्री उगाच ढोसल्याची तक्रार करतो. तिची वर्षानुवर्षे मोडलेली झोप एपवर्थच्या आठही प्रसंगांत बसत नाही, आणि दवाखान्यात तिच्यासाठी वेगळा कागद नसतो. ही त्रुटी किरकोळ नाही.

निदान झोपेच्या चाचणीनेच होते. श्वास थांबण्याचे व अपुरा पडण्याचे प्रसंग मोजतात : तासाला 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. तीव्र विकारावर सीपॅप हे यंत्र. नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा सोडून ते श्वासमार्ग उघडा ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ते मांडले. सौम्य व मध्यम विकारात, किंवा मास्क सोसत नसेल तर, दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण बसवतात. वर एक पट्टी, खाली एक. स्क्रू थोडाथोडा फिरवून जबडा काही मिलिमीटर पुढे आणतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि वाट मोकळी होते. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी दात नीट जुळत नाहीत आणि दीर्घ वापराने चावा बदलू शकतो. म्हणून तपासणी सुटता कामा नये. उपकरण घालून झोपेची चाचणी पुन्हा करावी. ते लावल्यावर मुद्रा भांडणाच्या तयारीतली दिसते, पण भांडता येत नाही. घरच्यांच्या मते हा उपकरणाचा दुसरा गुण.

उपकरण गार पाण्याने व मऊ ब्रशने धुवावे. कढत पाण्याने ते वाकडे होते. याशिवाय वजन उतरवणे, रात्रीचे मद्य टाळणे व कुशीवर झोपणे हे उपाय आहेत. यांना काही खर्च नाही. त्यामुळे रुग्णाचा त्यांवर विश्वास बसत नाही.