लाईनवर राहा

आमच्या मामांच्या गावी, अकोल्याच्या जरा अलीकडे, 'लाईन गेली' म्हणजे वीज गेली. मी मुंबईचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारून बसलो, "कोणती? सेंट्रल की हार्बर?" मुंबईकराला जगात तीनच लायनी ठाऊक असतात (ट्रान्स-हार्बरवाल्यांनी रागावू नये), आणि त्यांतली आपली सोडली तर उरलेल्या दोन म्हणजे परदेश. बोरिवलीच्या मुलीला डोंबिवलीचं स्थळ सांगून आलं, तर तिचे वडील पत्रिका सावकाश बघतात. आधी विचारतात, "लाईन कुठली?" मंगळ चालतो, रोज दादरला गाडी बदलणं चालत नाही.

हाच प्रश्न पुण्यात विचारला तर उत्तर येतं, "मेडिकल." तिथे लाईन म्हणजे पोटापाण्याची वाट. मुलगा नोकरीला लागला की तो लायनीला लागला. बिघडला की भलत्या लायनीला लागला. लागतो दोन्हीकडे. त्याआधीची दोनतीन वर्षं तो कॉलेजच्या कट्ट्यावर लाईन मारत असतो आणि वडील त्याला लायनीवर आणायच्या खटपटीत असतात. शाळेत आम्हाला यमक शिकवताना बाईंनी संतकवींची उदाहरणं दिली होती. एवढ्या लांब जायची गरज नव्हती.

हा शब्द आला कुठून म्हणून शोधत गेलो, तर थेट जवसाच्या शेतात पोचलो. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. त्याच्या तंतूंचा दोरा तो लिनिआ. दोरा ताणला की सरळ रेघ दिसते, आणि पुढे तिचीच लाईन झाली. म्हणजे ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाच्या दोऱ्यात आपली अख्खी बोली गुंडाळली गेली आहे. मूळ अर्थाशी इमान राखून असलेला एकच माणूस मला दिसतो, तो म्हणजे गवंडी. भिंतीच्या दोन टोकांना खिळे, मधे ताणलेला दोरा, त्याला बोटाने एक टिचकी, आणि मग वीट. त्या दोऱ्याला तो लाईनदोरी म्हणतो. लॅटिनच्या पंडिताला यात दोरीदोरी ऐकू येईल. येऊ दे. भिंत सरळ उभी राहते ना!

बाकी आपण सगळ्यांनी दोरा केव्हाच सोडला. रांग, ओळ, रेघ, तार, वाट, पेशा, असे चांगले धडधाकट शब्द घरी बसवून त्यांची कामं एकट्या लाईनच्या गळ्यात घातली. पंढरपुरात अजून दर्शनबारी आहे, तेवढा एक शब्द टिकून आहे. बारी म्हणजे पाळी. उभं राहिलं की ती येणार, हा भरवसा त्या शब्दातच आहे. लायनीत तो नाही. लालबागला नवसाची लाईन वेगळी, मुखदर्शनाची लाईन वेगळी, आणि ओळखीतल्यांची लाईन दिसतच नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीत आपण सगळेच बँकेपुढे उभे होतो. "ओ, लायनीत या!" असं सगळ्यात मोठ्याने ओरडणारा गृहस्थ दोन मिनिटांपूर्वी माझ्या पुढे शिरलेला होता. मी तसं म्हणालो, तर म्हणाला, "मी मघापासून इथेच होतो, पिशवी ठेवून गेलेलो." पिशवी त्याच्या हातात होती.

मरीन लाइन्सला नवखा माणूस उतरला की समुद्रात रेघा शोधतो. त्या फलटणीच्या बराकींच्या ओळी होत्या. बराकी गेल्या, स्टेशन राहिलं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स आणि गावोगावच्या पोलीस लायनी याच गोत्रातल्या. पोलीस वसाहतीत वाढलेला पोरगा साठीला आला तरी स्वतःला लाईनबॉय म्हणवतो, आणि पत्ता सांगावा तसा नाही, डिग्री सांगावी तसा सांगतो.

आगगाडीची लाईन आणि विजेची लाईन यांची सोयरीकही हार्बरवरच जुळली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. म्हणजे मामांची लाईन गेली की आमचीही जाते. त्या दिवशीचा माझा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता.

परवा पुन्हा गावी गेलो होतो. मामांची त्या आठवड्यात 'रात्रीची लाईन' होती. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते. एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. साप-विंचू आणि थंडी शेतकऱ्याच्या वाटणीला. गव्हाला पाणी सोडलं, आणि अकराच्या सुमारास मोटर घरघरून गप्प झाली. मी शहरी शहाणपणा करून वीज कार्यालयात फोन लावला. तीनदा लाईन लागली नाही. चौथ्यांदा लागली.

"लाईन गेलीय."

"कोणती? गावठाणची का शेतीची?"

"शेतीची."

"लाईनमन लाईनवर गेले."

"कधी येतील?"

"लाईन आली की येतील."

"अहो, म्हणजे ते आल्यावर लाईन येणार, की लाईन आल्यावर..."

"साहेब, तुमच्यामागे मोठी लाईन आहे. लाईनवर राहा."

राहिलो. फोनात सनई सुरू झाली. तोवर मामांनी कानाला मफलर गुंडाळला, एका हातात बॅटरी नि दुसऱ्यात काठी घेतली आणि डीपीकडे निघाले. बांधावर थांबून त्यांनी मागे बॅटरी मारली.

"येतं का बाप्पा, का रायतं तिथंच लायनीत?"