मागून बसलेल्या धडकेची मीमांसा

मोटारीला पाठीमागून बसणारी धडक हा अपघातांतील सर्वांत निर्विवाद प्रकार मानला जातो, कारण मनुष्याला पाठीला डोळे नाहीत ही निसर्गाची त्रुटी कायद्याने मागच्या चालकाच्या माथी मारलेली आहे. पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल इतके अंतर राखावे, असे १९८९ च्या रस्ता-नियमांतील तेविसावा नियम सांगत असे आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांतही हे कर्तव्य कायम आहे. ट्रकच्या मागे १० ते १५ फुटांवरून मोटार चालवणे हे सुरक्षित अंतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात नमूद केले. हा निकाल कोल्हापुरात फारसा वाचला गेला नसावा असे मानण्यास जागा आहे, कारण महाद्वार रोडवर पुढच्या गाडीमागे १५ फूट मोकळे सोडणे म्हणजे त्या जागेत एक रिक्षा, दोन मोपेड आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडे निघालेली एक म्हैस यांना रीतसर निमंत्रण देणे होय. विजयादशमीला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक ही शहरातील बहुधा एकमेव मोटार असेल, जिच्या मागे सर्वजण स्वखुशीने अंतर राखतात.

धडक बसताच दाभोळकर कॉर्नर किंवा व्हीनस कॉर्नरसारख्या ठिकाणी जे पंचमंडळ स्थापन होते, त्याचा उल्लेख कोणत्याही अधिनियमात नाही. तथापि त्याचे कामकाज कोणत्याही न्यायालयापेक्षा जलद चालते. त्यात पानपट्टीचा मालक, रिक्षा स्टॉपवरील दोन-तीन चालक आणि ज्याने काहीही पाहिलेले नसल्यामुळे ज्याचे मत सर्वांत ठाम असते असा एक गृहस्थ, एवढे सभासद असतात. पहिला आरोप ठोकणाराच करतो. “अचानक ब्रेक कशाला मारलासा?” हा त्याचा प्रश्न असतो, आणि समोर लाल सिग्नल होता हे उत्तर मंडळाला काहीसे तांत्रिक वाटते. तरीही निकाल बहुधा योग्यच लागतो, म्हणजे चूक मागच्याची ठरते, आणि येथवर कायदा व चौक यांच्यात पूर्ण एकवाक्यता असते.

खरी अडचण यानंतर येते. भरपाईचा आकडा उच्चारला जाण्यापूर्वी कोणीतरी “गाव कुठलं?” असे विचारतो. हा प्रश्न वरवर भौगोलिक असला तरी त्याचे परिणाम आर्थिक असतात. एकाने मुरगूड म्हटले की दुसरा “मुरगुडात कुणाचं?” असे विचारतो, आणि दोन-चार आडनावांच्या उलाढालीनंतर ठोकणाऱ्याच्या चुलत मेहुण्याची सासुरवाडी ही ठोकून घेणाऱ्याच्या आत्याच्या घराला लागूनच असल्याचे सिद्ध होते. हे नाते सापडेपर्यंत शोध थांबत नाही. कागल, गडहिंग्लज, वडणगे अशी कितीही गावे पालथी घालावी लागली तरी मंडळ ते काम आनंदाने करते, आणि अगदीच काही जुळले नाही तर दोघांची मुले एकाच तालमीत जात असल्याचे तरी निघते. एकदा पाहुणेपण प्रस्थापित झाले की बंपरचे पैसे मागणे हा कुळाचाराचा भंग ठरतो. “पाव्हणं, मिटवा आता,” असा हुकूमनामा निघतो, चहा येतो, आणि त्या चहाचे पैसे पुष्कळदा ज्याची गाडी चेपली आहे तोच देतो, कारण वडीलकीचा मान त्याला नुकताच मिळालेला असतो.

ज्यांचे नाते जुळत नाही किंवा ज्यांची डिकी मिटतच नाही, ते विम्याकडे वळतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला विमा हा तृतीय पक्षाचा असतो. तृतीय पक्ष म्हणजे विमा उतरवणारा आणि कंपनी हे दोघे वगळून उरलेले सर्व जग. धडकेत निरपराध मोटारमालक हा ठोकणाऱ्याच्या दृष्टीने तृतीय पक्षच असल्याने त्याची भरपाई ठोकणाऱ्याच्या कंपनीने द्यावी, हे शास्त्रशुद्ध आहे. परंतु ती मागण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, आणि एका बंपरसाठी वकीलपत्र लिहून देणारा मनुष्य अद्याप विरळा आहे. त्यातच विमा कंपन्यांमध्ये असा परस्परसामंजस्याचा प्रघात आहे की चूक कोणाचीही असो, प्रत्येकीने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करावी आणि एकमेकींकडे पैसे मागू नयेत. कंपन्यांमधील हा सलोखा अनुकरणीय असला तरी त्याचा खर्च कोण सोसतो, हे हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

समजा, मागचा बंपर ८,००० रुपयांचा आहे. तो प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्यावर ५० टक्के घसारा धरला जातो. घसारा म्हणजे वापराने वस्तूची घटलेली किंमत, आणि काचेला तो लागत नाही, धातूला गाडीच्या वयाप्रमाणे लागतो, प्लॅस्टिक व रबर मात्र जन्मतःच निम्मे म्हातारे समजले जाते. उरलेल्या ४,००० मधून १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट होते आणि मालकाच्या हाती ३,००० पडतात. आता याच मालकाने पाच वर्षे एकही दावा न करता ५० टक्के बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, साठवलेला आहे असे मानले, तर दावा करताच तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता दरसाल ८,००० रुपयेच राहिला असे धरल्यास त्याला अनुक्रमे ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये जास्त भरावे लागतात. बेरीज १०,००० होते. ज्याची चूक नाही अशा माणसाने ३,००० रुपये मिळवण्यासाठी पाच वर्षांत १०,००० रुपये देणे, याला विमाशास्त्रात जोखमीचे व्यवस्थापन म्हणतात. ‘झिरो डेप’ नावाचे जादा संरक्षण घेतल्यास घसारा माफ होतो, बोनस मात्र सहसा वेगळे पैसे मोजल्याखेरीज वाचत नाही. या गणिताकडे पाहता “पाव्हणं, मिटवा” म्हणणारा पानपट्टीवाला हा परिसरातील सर्वांत समंजस विमा सल्लागार ठरतो, आणि तो हप्ताही घेत नाही.

एखादा बाणेदार मालक तरीही न्यायाधिकरणात गेलाच, तर त्याच्यासाठी एक सूचना आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, आणि त्यासाठी येथील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता. पण न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्धच्या अपिलात वादाची रक्कम १ लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर अपीलच करता येत नाही. सबब बंपरला त्या बेंचची पायरी चढता येणार नाही. तेवढी रक्कम व्हायची तर धडक अधिक मनापासून बसायला हवी होती.

राहता राहिला शिवाजी उद्यमनगराचा मार्ग. जेथे म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि ज्या वसाहतीने ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतण्यात हयात घालवली, तेथील कारागिराला चेपलेली डिकी ही किरकोळ बाब वाटते. तो डिकीच्या आतून हात फिरवतो, दोन ठोके देतो आणि बंपर बदलण्याची गरज नाही असे सांगतो. मग रंगाचा प्रश्न निघतो. “एकदम सेम पाहिजे का जवळपास चालंल?” असे तो विचारतो, आणि दोन्हींचे दर वेगळे असतात. बहुतेक मालक जवळपासवर राजी होतात, कारण गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो आणि शिरोली नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत उभे राहिल्यावर मागून पुन्हा कोण येईल याचा भरवसा नसतो.