दादा, मला मी ऐकू येत नाहीये!

गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत पुण्यातल्या स्टेजवर सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कुठल्याही नाटकातलं नसतं. ते असतं, "दादा, मला मी ऐकू येत नाहीये!" गायिका हे म्हणते, तबलजी म्हणतो, निवेदक तर तोंड उघडण्याआधीच म्हणतो. साउंडवाले दादा मान वर न करता मिक्सरवरचा एकेक फेडर वर सरकवतात. सगळ्यांचं समाधान होतं. आणि मग स्टँडवर निमूट उभी असलेली अकूस्टिक गिटार, जिला अजून कोणी हातही लावलेला नाही, ती आपणहून घुमायला लागते. पहिल्या रांगेतले काका मागच्या रांगेकडे संशयाने बघतात.

१८८० साली किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा ही भानगड नव्हती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं ही नटाच्या छातीची जबाबदारी होती.

गिटारची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. ती पोकळ पेटी. बारीकशा आवाजानेही थरथरावं म्हणूनच तिचं लाकूड इतकं पातळ ठेवलेलं. आपण तिला पिकअप लावतो आणि समोर मॉनिटर ठेवतो. स्पीकरचा आवाज पेटीवर आदळतो, पेटी थरथरते, पिकअप ते उचलतो, अँप्लिफायर वाढवतो आणि स्पीकर पुन्हा पेटीवरच फेकतो. वाड्यातली बातमी फिरून निघाल्या घरी यावी आणि दर फेरीत तिला नवा पदर जोडला जावा, तसं हे. याला लार्सन परिणाम म्हणतात; लार्सन हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत खुशीत डोलते, म्हणून तिचा फीडबॅक खर्जात घुमतो. कानठळ्या बसवणारी शिट्टी बहुतेक वेळा माईकची.

बीटल्सनी १९६४ साली 'आय फील फाइन'च्या सुरुवातीला हाच गोंगाट मुद्दाम ठेवला. जॉन लेननच्या पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारमधून तो निघाला होता. तिकडे त्याला कल्पकता म्हणाले. सदाशिव पेठेत "साउंड कोणाचा आहे हो?" असं विचारतात.

उपाय साधे आहेत. गिटारच्या भोकावर बसणारी काळी रबरी चकती मिळते. ती बसवली की पोटातल्या हवेचं डोलणं बरंच आटोक्यात येतं. (आमच्याकडे काही जण तिथे हातरुमाल कोंबतात. थोडाफार उपयोग होतो, आणि गिटार सोडून रुमालाचीच चर्चा होते.) जी पट्टी घुमते तेवढीच इक्वलायझरवर कापावी. प्रीअँपवर फेज नावाचं बटण असेल तर दाबून बघावं. कधीकधी एवढ्यानेच भागतं. वादकाने मॉनिटरच्या तोंडावर न बसता जरा बाजूला सरकावं.

पण खरी मेख सोसायटीच्या क्लबहाउसात असते. खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचा, वर बुटकी स्लॅब. आवाजाला बाहेर पडायला वाट नाही. त्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे यांच्यापुढचे माईक भाषणं संपली तरी चालूच. उघडे माईक दुप्पट झाले की फीडबॅकआधी हाताशी असलेली जागा ३ डेसिबलने आक्रसते. म्हणजे बिचारा दहावीतला मुलगा गिटार छेडतो तेव्हा त्याच्याबरोबर चार रिकाम्या खुर्च्याही साथीला असतात. दादांना हे ठाऊक असतं. पण खजिनदारांचा माईक बंद करायचा, तर त्यांचं बिल त्याच खजिनदारांच्या सहीने निघायचं असतं.

शेवटी निवेदकांना एक विनंती. शिट्टी आली की तुम्ही घाईने माईकच्या जाळीवर तळवा ठेवता. हेतू चांगला, परिणाम उलटा. हा माईक समोरचं ऐकतो आणि मागचं सोडून देतो, ते जाळीखालच्या फटींच्या जोरावर. त्या मुठीत झाकल्या की त्याला चहूकडचं ऐकू यायला लागतं आणि शिट्टी वाढते. हात खालच्या दांड्यावर ठेवा. आणि माईक चालू आहे का हे बघायला फुंकर मारू नका. "नमस्कार" म्हटलं तरी कळतं.