जंजिरा पाऊण तासात सर करण्याची रीत

मुरुडजवळचा जंजिरा अजिंक्य आहे. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचा ध्यास शेवटपर्यंत सोडला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्याकडे थेट समुद्रात दगडांचा भराव टाकायला घेतला. तेवढ्यात मोगलांची फौज स्वराज्यावर चालून आली आणि काम अर्ध्यावर राहिले. १९४८ मध्ये किल्ला राखून असलेल्या सिद्दींचे संस्थान भारतात विलीन झाले, तेही सहीशिक्क्याने. असा हा किल्ला पुण्या-मुंबईची मंडळी दर रविवारी सहकुटुंब, गॉगल, टोपी आणि वेफर्सची पाकिटे एवढ्याच शस्त्रांनिशी पाऊण तासात घेतात आणि दीड वाजता सुरमईच्या ताटावर हजर असतात. हे कसे जमते, याची शास्त्रशुद्ध मांडणी माझ्या पाहण्यात नाही. तीन मोहिमा गाठीशी असल्याने ती मीच करतो.

मुहूर्त

पावसाळ्यात मोहीम काढू नये. जून लागला की होड्या बंद होतात, आणि खवळलेल्या समुद्रापुढे मंत्रालयातली ओळख चालत नाही. एरवी निघण्याआधी भरती-ओहोटी पाहावी. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हा हिशेब तोंडपाठ असतो. आपल्या पथकात मात्र इंजिनिअर झालेले एक भावोजी असतात. ते फोनला रेंज यावी म्हणून हात वर करून वाळूत फिरत राहतात. त्यांना फिरू द्यावे. मोहिमेत प्रत्येकाला काम हवे.

कूच

मुंबईकरांनी गाडी घरी ठेवावी आणि गेटवेवरून मांडव्याची लाँच धरावी. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस मिळते. पुढे एसटीने रेवदंडा, काशीद करत मुरुड. हिवाळ्यात लाँचच्या मागे पांढऱ्या सीगल पक्ष्यांचा थवा लागतो. त्यांना गाठ्या घालणे चूक आहे, हे शेजारच्या प्रवाशाला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि आपल्या मुलाला ‘एकदाच हं’ म्हणून परवानगी द्यावी.

या टप्प्यावर पथकातला ज्येष्ठ पुरुष भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या जुन्या लाँचची आठवण काढतो. ती मांडवा येईपर्यंत संपत नाही. ज्यांना बोट लागते, त्यांनी त्याच्याजवळ बसावे. मळमळीकडचे लक्ष उडते.

होडीत बसणे

राजपुरीच्या धक्क्यावर तिकीट काढून रांगेत उभे राहावे. पहिला धडा इथेच मिळतो: होडी घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. ‘अजून चार माणसं आली की निघालोच’ हे वाक्य ऐकले की एक शहाळे सावकाश पिऊन होते.

चढताना खलाशाचा हात धरू नये, मनगट धरावे. घामाचा हात निसटतो, मनगट निसटत नाही. या लेखातला हा एकमेव उपयुक्त सल्ला असून तो माझा नाही. पहिल्या मोहिमेत मी ‘थँक यू, जमेल मला’ म्हणालो, तेव्हा एका खलाशाने न विचारता अमलात आणून दाखवला होता. चप्पल पायातच ठेवावी. एक चप्पल पाण्यात गेली की दुसरीचे काय करायचे, यावर घरात आठवडाभर एकमत होत नाही.

आत नारिंगी जाकीट घालून सांगितलेल्या फळीवर सांगितल्यासारखे बसावे. एरवी सोसायटीच्या सभेत तीन-तीन तास ऐकून न घेणारी माणसे इथे ‘ओ काका, जरा त्या अंगाला सरका’ एवढ्यावर निमूट सरकतात. शीड फिरताना ‘डोकी खाली!’ अशी हाक येते. ती आल्यावर ‘का?’ असे विचारू नये. उत्तर डोक्यावर येते.

दरवाजा शोधणे

शिडात वारा भरला की इंजिनाची घरघर नसलेली ती दहा-पंधरा मिनिटे मोहिमेतली सर्वांत सुखाची. म्हणूनच ती मोबाइल वर धरून घालवायची असतात. समोर पाण्यातून उठलेला काळा तट दिसतो आणि प्रत्येक होडीत तोच खेळ सुरू होतो: दरवाजा कुठे आहे? पथकप्रमुखाने लगेच बोट दाखवावे. खात्रीने दाखवावे. मी तिन्ही वेळा दाखवले आणि तिन्ही वेळा तो बुरुज निघाला. सुकाणूवरचा तांडेल तोंडातला तंबाखू सांभाळत म्हणतो, ‘अजून नाय दिसायचा.’ अगदी जवळ, जवळजवळ भिंतीला टेकल्यावर, दोन बुरुजांच्या आडून महाद्वार एकदम समोर येते. शत्रूच्या तोफेला ते लांबून सापडू नये म्हणून केलेली ही योजना. शेकडो वर्षांनंतर ती पथकप्रमुखांवरही चालते.

पूर्वीच्या मोहिमांपासून बोध

होडी दाराशी लागेपर्यंत गाईडचा इतिहास सुरू झालेला असतो. तो लक्ष देऊन ऐकावा, कारण यशाची गुरुकिल्ली त्यात आहे.

आधी या बेटावर कोळ्यांनी लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला होता. राम पाटील त्यांचा म्होरक्या. निजामशाहीचा सरदार पिरमखान तो घ्यायला निघाला, तेव्हा त्याने तोफा डागल्या नाहीत. गलबत घेऊन व्यापारी म्हणून आला, आसरा मागितला, यजमानांना दारू पाजली आणि रात्री आपल्या पिंपांमधून सैनिक बाहेर काढले, असे सांगतात. बोध: इथे पाहुणा बनून येणाऱ्याचेच फावते. तुम्ही तिकीट काढून आलात, म्हणजे योग्य परंपरेत आहात. पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी तेवढी बाहेरून निरुपद्रवी दिसावी.

दुसरी गोष्ट लाय पाटलांची. शिवाजी महाराजांच्या काळात या कोळी सरदाराने रात्री तटाला शिड्या लावल्या आणि मागून येणाऱ्या फौजेची वाट पाहिली. फौज वेळेत पोचली नाही. उजाडायला लागले, शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी या धाडसाबद्दल त्यांना पालखीचा मान देऊ केला, तर ते म्हणाले, आम्ही दर्यावर फिरणारी माणसे, पालखी घेऊन काय करू? मग त्यांना एक गलबत दिले आणि त्याचे नाव ठेवले ‘पालखी’. बोध: जंजिरा सामर्थ्यावाचून हुकत नाही, उशिरामुळे हुकतो. ज्यांना हा बोध मोठा वाटत असेल, त्यांनी आपल्या पथकातल्या केस विंचरत राहिलेल्या सदस्याकडे पाहावे.

प्रत्यक्ष चढाई

होडी लाटेवर वरखाली होत असते. ती वर आली की पाऊल टाकावे. खाली गेली की टाकू नये. इथेही मनगट.

आता घड्याळ लावावे. ‘पाऊण तासात परत या हां,’ असे तांडेल सांगतो. तटाला १९ बुरुज आहेत, म्हणजे एका बुरुजाला २ मिनिटे २२ सेकंद. या हिशेबात चालणे धरलेले नाही. व्यवहारात वाटप असे होते: दारावर हत्तींना पंज्यांखाली दाबून धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे, त्याच्याखाली कुटुंबाचा फोटो, दहा मिनिटे. त्यात आजींचे डोळे मिटलेले निघाल्याने पुन्हा फोटो, पाच मिनिटे. कलालबांगडी तोफ, दहा मिनिटे. ती किती टनांची, यावर दोन गाईडांत मतभेद ऐकावेत. ती उन्हात तापत नाही, असेही ते सांगतात. भावोजींना हात लावून पाहायला सांगावे. सभोवती खारट समुद्र असताना मधोमध असलेले गोड्या पाण्याचे तळे खरे तर दहा मिनिटे पाहण्यासारखे आहे, पण तिथे पोचेपर्यंत मुलाला शू लागते.

उरलेल्या वेळात तटावर चढून बाहेर पाहावे. खुल्या समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग. सिद्दीला शह देण्यासाठी महाराजांनी मुद्दाम समोर बांधलेला. तिथे रसद वेळेवर न पोचवल्याबद्दल १६७५ मध्ये त्यांनी आपल्या सुभेदाराला लिहिलेले खरमरीत पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. तिसऱ्या मोहिमेत मी हे सगळे बायकोला बुरुजावर उभे राहून समजावून सांगत होतो. उशिराने काय अनर्थ होतो, या मुद्द्यावर माझा विशेष भर होता. बोलणे संपवून खाली आलो, तेव्हा अख्खी होडी भरून आमच्यासाठी खोळंबली होती. तांडेल काही बोलला नाही. पण त्या सुभेदाराला पत्र उघडताना काय वाटले असेल, ते मला कळले. ‘वहिनी, बसून घ्या,’ असे तो फक्त बायकोला म्हणाला.

माघार

परतताना वारा पडलेला असतो आणि गप्पाही. विजयी पथके हिशेब करतात: किल्ला झाला, आता जेवण, मग काशीदचा किनारा, रात्री घर. धक्क्यावर उतरायच्या आधी होडीवाल्यांसाठी चार पैसे बाजूला काढावेत. पालखी देऊ करू नये.

त्या दिवशी निम्म्या वाटेवर मुलाने मागे बघत विचारले, ‘बाबा, आपण कुठून आत गेलो होतो?’ मी वळलो. समोर अखंड काळी भिंत होती, बुरुजाला बुरुज लागून. नुकताच ज्यातून बाहेर पडलो होतो तो दरवाजा मिटला होता. पथकप्रमुखाच्या कर्तव्याला जागून मी बोट दाखवले.

तांडेलाने मागे पाहिलेसुद्धा नाही. सुकाणूवरचा एक हात उचलून त्याने माझे मनगट धरले आणि बोट दोन बुरुज डावीकडे सरकवले.