शेकाट्या इथेही

लेस्टर, मे महिना, रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. न.

पार्सल पोचलं. मेतकुटाचा डबा फुटून आंबापोळीला मेतकूट लागलंय. इरा म्हणते, असंच छान लागतं. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईतो जमेल तेवढं लिहिते.

आई, समीरला सर्दी झालेली नाही. फोनवर तू ऐकलंस ते त्याचं घोरणं. आम्ही पहाटे चारला उठून तळ्यावर गेलो होतो ना.

तर बाबा, शेकाट्या! हो, तोच, मुठेच्या पाण्यात नाक न मुरडता उभा असतो तो. इथे मात्र दुर्मिळ. धुक्यात, तळ्यापलीकडे, पोटापर्यंत पाण्यात दोन काळे-पांढरे पक्षी. शेजारच्या आजोबांनी दोन लाख रुपयांवरची दुर्बीण रोखून निकाल दिला, "अ‍ॅव्होसेट." म्हणजे आपला उचाट्या. पण त्याची चोच वर वळलेली असते. ही सुईसारखी सरळ. दोन लाखांपुढे माझी आठ हजारांची कशी तोंड उघडणार? तेवढ्यात वरून एक शिकारी पक्षी गेला नि दोघे उडाले. पंख खालूनही काळे, शेपटीमागे लांबलचक गुलाबी पाय! मी "शेकाट्या!" म्हणून ओरडले. जिथे लोक खोकलासुद्धा गिळतात, तिथे. एकाची पाठ काळी, दुसऱ्याची तपकिरी. म्हणजे नवरा-बायको.

मग सुरू झाले नियम. हा पक्षी 1981 च्या कायद्याच्या खास यादीत; घरट्यावर त्याला जाणूनबुजून उठवलं तर गुन्हा. शिवाय अंडीचोरांची भीती, म्हणून ठिकाण कुणाला सांगायचं नाही. आमची नेहमीची पायवाट दोरी बांधून बंद. गाडी समोर दिसतेय आणि आम्ही पावसात दोन मैलांचा वळसा घालतोय! समीरचा चहाचा थर्मास दोरीपलीकडेच राहिला. तळ्याचं नाव तुम्हालाही लिहीत नाही, कारण पत्र सुमनमावशी वाचणार.

आजोबा सांगत होते, 1945 साली शेकाट्यांनी नॉटिंगहॅमला पिल्लं वाढवली, तीही मैलापाण्याच्या शेतावर. बघा, इतक्या लांब येऊनही खोड गेली नाही! आम्ही तरी काय, बेलग्रेव्ह रोडला कढीपत्ता हुंगत फिरतोच.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला नलूआत्या सही देत नाही म्हणे. देऊच नये. निदान डिसेंबरात मी येईपर्यंत तो जिना राहू दे. बंडूदादा कबुतरांसाठी स्वतःच लावलेल्या जाळीत अडकल्याचं इराला तीनदा सांगावं लागलं.

तिसरी शिट्टी झाली. बाबा, गुडघा बरा असेल तर रिक्षाने म्हात्रे पुलापर्यंत जा आणि शेकाटे मोजून फोन करा. ते ओरडत असले तर काही बोलू नका, फोन तसाच नदीकडे धरा.

तुमची,
माई