सोलोभाऊ नीरेकाठी

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाऊस पडतो तो मुख्यतः बातम्यांत. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढा तर वरंध घाटात कधीकधी आठवड्यातच कोसळतो. म्हणून जून सरताना, पणदरे असो की लासुर्णे, गावागणिक एक तरी सोलोभाऊ उगवतोच. पाठीवर पन्नास लिटरची सॅक, सॅकला पावसाळी खोळ आणि चेहऱ्यावर गृहत्यागाचं तेज. निघाला भोरकडे. नीरेच्या काठाकाठानं, जंगलातून, एकटा.

एकटा म्हणजे कसा, तर एसटीत बसल्याचा फोटो, शिरवळला उतरल्याचा फोटो, मग 'नेटवर्कच्या पलीकडे चाललोय' असं स्टेटस आणि ते कुणी कुणी पाहिलं याची दर दहा मिनिटांनी हजेरी. सोबतीला माणूस नको, पॉवर बँका मात्र दोन.

हिरडोशीच्या अलीकडेच त्याचा एकांत संपतो. खाचरात इरली पांघरून भात लावणाऱ्या बाया कंबर सरळ करतात.

"एकलाच का रं? घरी भांडान केलंस?"

"नाही मावशी, स्वतःच्या शोधात निघालोय."

"अगं बया! कधीपासनं हरवलायस?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. सांजेला तंबू उभा राहतो, पाऊस आडवा येतो आणि भाऊ त्याच मावशीच्या पडवीत नाचणीच्या भाकरीसमोर मांडी घालतो. फोटोत तंबूच दिसतो, हे सांगायला नकोच.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. अनोळखी रानात रात्र काढायला निघालेला हा गडी घरच्या उसात रात्री दारं धरायला जात नाही. आप्पांनी हातात बॅटरी दिली की त्याला विंचू आठवतो, फुरसं आठवतं, पिंपळावरचा मुंजाही आठवतो. आणि ज्या पाण्याचं दर्शन घ्यायला तो शे-दीडशे किलोमीटर जातो, ते नीरा डाव्या कालव्यानं 1885 पासून त्याच्या शिवारात चालत येतंय. पणजोबांनी पाहिलं, आजोबांनी पाहिलं; ह्यानं तेवढं बघायचं राहिलंय. बरं, ह्या पाण्याशेजारी रात्रभर कुणी बोलायला येत नाही. सोलो म्हणतात तो हाच.

तेव्हा भोरच्या बाजूला कुणी भिजलेला, मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधणारा भेटलाच, तर एवढा निरोप द्या: आवर्तन सुटलंय, आपली बारी गुरुवारी रात्री आहे, आणि आप्पांनी बॅटरी चार्जिंगला लावलीय.